पत्र्यावरचा ओपल

रविवारी सकाळी व्हेस्ना वडिलांच्या स्वेटरची बटणं लावत होती. तिसरं बटण काजात जाता जात नव्हतं. तेवढा वेळ म्हातारा हात बाजूला सोडून, शहाण्या मुलानं उभं राहावं तसा उभा राहिला. आणि बटण लागल्यावर अगदी मनापासून म्हणाला, ‘‘बाई, तुम्हाला इथं पगार बरा देतात ना?’’ ‘‘बरा आहे,’’ व्हेस्ना म्हणाली. मग तिनं चौथं बटण लावलं, पाचवं लावलं, कॉलर सारखी केली, आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून नुसती उभी राहिली. अ‍ॅडलेडमधल्या त्या सरळसोट गल्लीत नेहमीसारखा रविवार चालला होता. समोरचा शेजारी गाडी धूत होता, कुणीतरी गवत कापत होतं. आपण ‘बरा आहे’ असं का म्हटलं, हेच तिला कळेना. ‘ताता, असं काय करता, मी व्हेस्ना’ असं म्हणायला काय जड जात होतं? पण तोंडातून आपसूक जे आलं ते ‘बरा आहे’, जणू इतकी वर्षं ती खरंच इथं नोकरीला होती. वर्षभरात ताताचं एकेक गळून गेलं होतं. वार गेला, महिना गेला, गॅस बंद करणं गेलं. आई वारल्याचं गेलं. ‘मारिया कुठं आहे’ असं दिवसातून तीनदा विचारायचे, तेव्हा ‘बाजारात गेलीय’ म्हणायला ती शिकली होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की एक दिवस तुमचीही ओळख जाईल, मनाची तयारी ठेवा. मनाची तयारी! तयारी म्हणजे काय करायचं असतं, हे काही त्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आणि व्हेस्नाची अडचण तर निराळीच होती. तिला या माणसाला एक वाक्य सांगायचं होतं. नऊ वर्षांची असल्यापासून सांगायचं होतं, आणि आज ती बावन्न वर्षांची होती. नाताळात सांगू, ईस्टरला सांगू, आईचं वर्षश्राद्ध झालं की सांगू असं करता करता त्रेचाळीस वर्षं गेली, आणि आता ऐकणारा माणूसच घरातून उठून गेला. स्वेटर घालून तो बैठकीच्या खोलीत बसला होता, ही गोष्ट वेगळी.

‘‘गावाला नेऊ या त्यांना,’’ त्या रात्रीच्या जेवणात ती म्हणाली. ग्लेननं काटा खाली ठेवला. ग्लेन तसा भला माणूस. सासऱ्याची दाढी तोच करायचा. ‘‘डनस्टन्स वेलला? अगं, साडेआठशे किलोमीटर आहे ते. आणि तिथं आता आहे काय आपलं? घर तर तू विकलंस.’’ ते खरंच होतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिनं ताताला अ‍ॅडलेडला आणलं आणि जमिनीखालचं ते घर मेलबर्नच्या एका जोडप्याला विकून टाकलं. ताताला म्हणाली, कुलूप लावलंय. ‘‘भिंती आहेत ना,’’ व्हेस्ना म्हणाली. ‘‘भिंती त्यांनी स्वतः खोदल्यात. तिथं गेल्यावर त्यांना आठवेल.’’ ‘‘काय आठवेल?’’ ‘‘मी.’’ तेया सोळा वर्षांची, फोनमध्ये डोकं घालून बसलेली; तिनं मान वर केली आणि एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघितलं. ‘‘माझी सुट्टी त्या उकिरड्यावर घालवायची का?’’ असं ती एरवी म्हणाली असती, पण म्हणाली नाही. पुढच्याच आठवड्यात ग्लेननं त्याच्या भावाची कॅरव्हॅन मागून आणली. पांढरी, दोन खाटांची, एक खिडकी चिकटपट्टीनं चिकटवलेली. एवढासा ओटा, एवढासा फ्रिज. ताता तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, टायरला लाथ घालून बघितली आणि म्हणाले, ‘‘मजबूत आहे. कुणाची?’’

पोर्ट ऑगस्टा मागं पडलं की रस्त्याला वळणच राहत नाही. दोन्हीकडे लाल माती, खुरटी झुडपं, मध्येच एखादं मेलेलं कांगारू आणि त्याच्यावर बसलेले कावळे. ताता पुढं ग्लेनच्या शेजारी बसले होते आणि दर अर्ध्या तासानं विचारत होते, ‘‘कुठं चाललोय आपण?’’ ग्लेन न कंटाळता सांगायचा, ‘‘तुमच्या गावाला, ताता.’’ ‘‘मग दूध घेतलंत का? तिकडं दूध मिळत नाही.’’ ‘‘घेतलंय.’’ ‘‘शाबास.’’ मागं व्हेस्ना त्यांच्या मानेकडे बघत बसली होती. मानेवर आडव्या उभ्या रेघा पडून चौकटी झाल्या होत्या, त्यांत कधीकाळची पांढरी धूळ अजून असावी असं तिला उगीचच वाटत होतं. लहानपणी ताता खाणीतून वर यायचे तेव्हा डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. विहिरीसारखा सरळ खाली गेलेला खड्डा, वीस मीटर खोल, त्यात दोराच्या शिडीनं उतरायचं, आडवं खोदत जायचं, आणि महिनोन् महिने काहीच मिळायचं नाही. नुसती माती बादलीनं वर आणून ढीग लावायचे. सगळ्या गावाभोवती असे ढीग, आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक उघडा खड्डा. तो कुणी बुजवत नाही. पुढंमागं कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून तसाच ठेवायचा, ही तिथली रीत. ती नऊ वर्षांची होती त्या उन्हाळ्यात ताताला ओपल सापडला, रत्नाचा दगड. मुठीपेक्षा मोठा. आत हिरवं होतं, निळं होतं, आणि दगड कलता धरला की खालून एक तांबडी लाट यायची. ओल्या थरातला दगड, म्हणून त्यांनी तो मुरंब्याच्या बरणीत पाण्यात ठेवला, वर ओलं फडकं बांधलं. ‘‘गुरुवारी व्यापारी येतोय. तोवर याला कुणी हात लावायचा नाही,’’ एवढंच म्हणाले. आई त्या संध्याकाळी टेबलावर कॅलेंडर घेऊन बसली आणि बोटानं दिवस मोजत राहिली. समुद्रापार, त्यांच्या मूळ देशातल्या व्हिस बेटावर तिची आई अंथरुणाला खिळली होती. अठरा वर्षांत भेट नव्हती. दगड विकला की आई विमानात बसणार होती.

आता त्या बुधवारी दुपारी नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात काय आलं, हे बावन्न वर्षांची बाई किती वेळा आठवून बघणार? पण व्हेस्ना बघायची. लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारताना बघायची, सिग्नलला थांबल्यावर बघायची. तिला व्यापाऱ्यासाठी दगड चकचकीत करून ठेवायचा होता, बस्स. आई हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला गेली होती, ताता खाणीत होते. तिनं बरणीतून दगड काढला, साबणानं धुतला, आपल्या रुमालानं पुसला, आणि छान कोरडा व्हावा म्हणून पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर, रुमालाची घडी खाली घालून, वाळत ठेवला. ऊन सेहेचाळीस अंशांचं. थोड्या वेळानं बघायला गेली तर दगडावर जाळं पडलं होतं. केसाएवढ्या बारीक रेघा, आरपार. रंग गेला होता, वर नुसती दुधावरच्या सायीसारखी पांढुरकी कळा. पाण्यात परत टाकायचं तिला सुचलंच नाही. आणि सुचून उपयोगही नव्हता, तडकलेला ओपल पुन्हा सांधत नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि खाटेखाली शिरली. जमिनीखालच्या त्या घरात दगडाच्या भिंतीतून या खोलीतलं त्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ताता आले असतील, आई आली असेल, काही बोलणं झालं असेल. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. रात्री ताता आले, त्यांनी तिला खाटेखालून ओढून काढलं, झोपवलं, पांघरूण घातलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणीच कधी काही म्हणालं नाही. आजी त्या वसंतात वारली. आई महिनोन् महिने घरात कुणाशी बोलली नाही. ताट आपटायची नाही, रडायची नाही, नुसती ओठ मिटून कामं करायची. एक थप्पड मारली असती तर सुटले असते, असं व्हेस्नाला पुढं किती वेळा वाटलं. ताताची नजर आपल्यावरून सरकते, थांबत नाही, असं तिला तेव्हापासून दिसायला लागलं. खरंच तसं होतं की तिलाच दिसत होतं, कुणास ठाऊक. सतराव्या वर्षी ती अ‍ॅडलेडला निघून गेली, आणि मग वर्षाकाठी चार दिवस, पुढं दोन, पुढं फोन. ‘ताता, तो दगड मी घालवला, मला माफ करा.’ एवढं एक वाक्य. आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा ते ओठांवर येऊन परत गेलं होतं.

गाव आलं ते दुपारी चारला. तेच पांढरे ढीग, तीच उखडलेली जमीन, ‘खड्ड्यांपासून सावध’ म्हणून तीच पाटी. कॅरव्हॅन पार्कमध्ये जागा अरुंद होती. ग्लेन गाडी मागं घेत होता आणि व्हेस्ना मागं उभी राहून हातानं खुणा करत होती. डावीकडे, अजून डावीकडे, हळू. खुणा करत करत ती मागं सरकत होती. एवढ्यात गाडीच्या खिडकीतून ताता ओरडले, त्यांच्या मूळच्या भाषेत, लहानपणी ओरडायचे तसेच, ‘‘मागं बघ! मागं बघितल्याशिवाय मागं चालू नको, किती वेळा सांगितलं!’’ व्हेस्ना जागच्या जागी थांबली. हे तिलाच होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगायचे ते? ती धावत खिडकीशी गेली. ताता ग्लेनला इंग्रजीत सांगत होते, ‘‘त्या बाईंना सांगा, इथं फार खड्डे आहेत. नवख्या दिसतात.’’ ग्लेननं तिच्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. त्या संध्याकाळी कॅरव्हॅनच्या पडवीत त्यांनी सॉसेज भाजले, तेयानं ‘दीदा, दीदा’ करत आजोबांना कांदा कापून दिला, आणि ताता तेयाला ‘पोरी, पोरी’ म्हणत राहिले. पोरी कुणालाही म्हणता येतं. तरीही व्हेस्नाला आपल्या लेकीचा हेवा वाटला, आणि त्याची लाज वाटून ती भांडी घासायला निघून गेली.

सकाळी ते ढिगारे चाळायला गेले. गावाच्या कडेला एक मोकळं मैदान आहे, तिथं कुणीही जाऊन टाकलेल्या मातीत ओपलचे तुकडे शोधावेत. व्हेस्नाला वाटलं होतं, म्हातारा थकेल, पाच मिनिटांत चला म्हणेल. कसचं काय! ताता ढिगाच्या उतारावर चक्क मांडी घालून बसले, काठीनं माती उकरायला लागले आणि बोलायला लागले. हात थरथरायचे थांबले. ‘‘वरचं बघू नको, पोरी. वरचं सगळ्यांनी बघितलंय. पायथ्याशी बघ, पावसानं जे खाली येतं ते तिथं. हा जिप्सम. चमकतो, पण फसवा आहे, फेकून दे. हं, हे बघ. जिभेला लाव.’’ ‘‘ई, दीदा! माती खाऊ?’’ ‘‘ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही. लाव म्हटलं ना.’’ तेयानं हसत हसत तुकडा जिभेला लावला, आणि खरंच, नखाएवढ्या त्या खड्यात हिरवा ठिपका पेटला. तेया ओरडली. ताताही ओरडले. व्हेस्ना चार पावलांवर उभी होती. सगळं होतं तर आत! थर होते, जिप्सम होता, पावसाचं पाणी कसं वाहतं तेही होतं. एवढं सगळं ठेवून या माणसानं नेमकं तिलाच कसं बाहेर काढलं? ती त्यांच्यासमोर जाऊन बसली, चष्मा काढला, केस मागं घेतले. आपण लहानपणी दिसायचो तशा दिसू म्हणून! ‘‘ताता, मलाही दाखवा ना.’’ ‘‘दाखवतो की,’’ ते अदबीनं म्हणाले आणि बसायला जरा जागा करून दिली. ‘‘पण कपडे खराब होतील हं तुमचे.’’

दुपारी क्लबात गेले तर दारातल्याच टेबलावर यानी बसलेला. तो ग्रीक, ताताचा वीस वर्षांचा भागीदार, आता दोन्ही गुडघे गेलेले, नाकात प्राणवायूची नळी. त्यानं वर बघितलं आणि बुक्की टेबलावर आपटली. ‘‘अरे पत्र्या! अजून मेला नाहीस का तू?’’ आणि ताता, अहो ताता, एक क्षणही न घालवता म्हणाले, ‘‘यानी, गाढवा, तुला पुरल्याशिवाय कसा मरेन?’’ दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. नळी निसटली, ती नीट करताना दोघं पुन्हा हसले. ‘‘हा पत्र्या बरं का,’’ यानी तेयाला सांगायला लागला, ‘‘ओपल खोदणाऱ्यांत याच्याएवढा हुशार माणूस नव्हता आणि याच्याएवढा मूर्खही नव्हता.’’ ‘‘पत्र्या का म्हणता?’’ तेयानं विचारलं. ‘‘त्यालाच विचार!’’ यानी हसून हसून खोकायला लागला आणि मग तो खोकला काही थांबेना. वाढणाऱ्या बाईनं येऊन त्याला आत नेलं. ताताला गावात पत्र्या म्हणत, हे व्हेस्ना लहानपणापासून ऐकत आली होती. अवजारं ठेवायला त्यांनी पत्र्याची शेड बांधली होती, त्यावरून असेल असं ती धरून चालली होती. आज तिचं तिकडं लक्षच नव्हतं. यानी आठवतो. यानी! बाथरूममध्ये जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, आणि आरशातल्या बाईला म्हणाली, घर राहिलंय अजून. अजून घर राहिलंय.

घराचं आता पाहुण्यांसाठी मुक्कामाचं ठिकाण झालं होतं. दारात निवडुंगाच्या कुंड्या. मालकीणबाई ब्रॉनविन, पन्नाशीची, पायांत लोकरीचे मोजे. तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. ‘‘या, या. आज कुणी मुक्कामाला नाही. घर तुमचंच समजा,’’ असं म्हणाली आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळली. टेकडीच्या पोटात शिरल्याबरोबर उन्हाचा पट्टा तुटला, गार लागलं. भिंतींना आता काचेसारखा चकचकीत लेप दिला होता, कोपऱ्याकोपऱ्यांत छोटे दिवे. ताता थांबले. हाताचा तळवा भिंतीला लावला आणि तसेच पुढं गेले, भिंतीवरून हात न काढता, एका वळणावर खाली वाकून, जिथं छत सखल होतं तिथं. ग्लेनचं डोकं तिथंच आपटलं. ‘‘कुठल्या गाढवानं रंग फासला?’’ ते म्हणाले. ‘‘दगडाला श्वास नको घ्यायला?’’ ब्रॉनविननं निमूटपणे चहा टाकला. ताता स्वयंपाकघर ओलांडून सरळ मागच्या खोलीकडे गेले, आणि व्हेस्ना त्यांच्यामागं गेली. ग्लेननं तेयाला खुणेनं थांबवलं.

खोली तिची होती. एवढीशी, गोलसर, उशाशी मेणबत्तीसाठी कोरलेला कोनाडा. खाट नवी होती, त्यावर पाहुण्यांसाठी घडी घातलेला टॉवेल. ताता खाटेच्या कडेला बसले, दमलेले. व्हेस्ना समोर जमिनीवर बसली आणि त्यांच्याच भाषेत म्हणाली, ‘‘ही खोली कुणाची, ताता?’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘अरे वा, बाई, तुम्हाला आमची भाषा येते! कुठल्या तुम्ही?’’ ‘‘इथलीच.’’ ‘‘तरीच.’’ ते पुढं झुकले. ‘‘ही माझ्या मुलीची खोली. ती झाली त्या दिवशी सुरुवात केली, नवव्या दिवशी पुरी केली. मारिया दवाखान्यातून आली तेव्हा धूळसुद्धा झाडलेली होती.’’ ‘‘कशी आहे मुलगी?’’ तिनं विचारलं. ‘‘गुणाची आहे. फार विचार करते. एवढी आहे, पण म्हातारीसारखी विचार करते.’’ त्यांनी हातानं उंची दाखवली. नऊ वर्षांची. व्हेस्ना त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. तेया काहीतरी सांगत होती, ओठ हलत होते, इथं काही येत नव्हतं. ‘‘तुम्ही इथं कामाला आहात, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही,’’ ताता म्हणाले. ‘‘पण माझ्या बायकोच्या कानावर घालू नका. नाही ना घालणार?’’ ‘‘नाही.’’

‘‘तिनं माझा दगड घालवला,’’ ताता म्हणाले, आणि हसले. ‘‘असा दगड मला पुन्हा मिळाला नाही. धुऊन पत्र्यावर वाळत घातला होता हो! खाली रुमाल घातलेला, घडी करून. टाकीपाशी गेलो, बघितला, आणि कळलं. पोर खाटेखाली. इथं, या इथं. पाय बाहेर राहिले होते. मी बाहेर जाऊन बसलो. स्वतःलाच म्हटलं, झ्वोन्को, आता काय करायचं? मारियाला तिच्या आईकडे जायचं होतं. तिला खरं सांगितलं असतं तर तिनं पोरीला मारलं नसतं, तशी ती नव्हती, पण बघितलं असतंच की तिनं. रोज जेवताना बघितलं असतं. एवढ्याशा जिवानं ते कसं सोसायचं? मग मी म्हटलं, मी घातला वाळत. मला घाई झाली होती, माझी अक्कल चरायला गेली होती. मारियानं वर्षभर माझ्याशी तोंड उघडलं नाही. क्लबात सगळे हसले. पंधरा वर्षं खाणीत काढलेला माणूस आणि ओला ओपल पत्र्यावर वाळवतो! तेव्हापासून पत्र्याच म्हणतात मला. म्हणू देत. पुरुषाला काय होतंय.’’ आईचे मिटलेले ओठ व्हेस्नाला दिसत होते. ते कधी तिच्यासाठी मिटलेले नव्हतेच. आईला ठाऊकच नव्हतं. आई मरेपर्यंत नवऱ्यालाच दोष देत राहिली, आणि ही मुलगी त्या दोघांपासून साडेआठशे किलोमीटरवर जाऊन राहिली, आईबापांच्या नजरा चुकवत, ज्या नजरांत काही नव्हतंच. म्हातारा इकडे वर्षानुवर्षं फोनची वाट बघत असेल. आपण काय केलं की पोर घरी येत नाही, असंसुद्धा त्याला वाटलं असेल. ‘‘मुलीला सांगितलंत?’’ तिनं विचारलं. ‘‘कशाला? तिला काय कळतंय, दुसऱ्या दिवशी विसरली असेल. पोरं विसरतात.’’

‘‘नाही विसरली, ताता.’’ ती गुडघ्यांवर पुढं सरकली, त्यांचे दोन्ही हात धरले. ‘‘माझ्याकडे बघा. ती मीच. मी व्हेस्ना. तो दगड मी घालवला. मला माफ करा, ताता, मला माफ करा.’’ आलं, शेवटी ते वाक्य आलं, एवढ्या वर्षांनी. ताता बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, कपाळाला आठी पडली, ओठ उघडले, आणि तिला वाटलं, आता. ‘‘तुमचंही नाव व्हेस्ना?’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं नाव आहे. आमच्याकडे पुष्कळ मुलींचं असतं.’’ ती रडत होती हे बघून ते कावरेबावरे झाले, खिशात रुमाल शोधायला लागले, मिळेना, तेव्हा खाटेवरचा पाहुण्यांचा टॉवेल उचलून त्यांनी तिच्या हातात दिला. ‘‘रडू नका, बाई. मी उगीच सांगितलं तुम्हाला. तुम्ही मनाला लावून घेतलंत.’’ आणि मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘ती मोठी झाली, इथं कधी आली, तर तिला यातलं काही बोलू नका हं. तिला जन्मभर लागून राहील ते. फार विचार करते ती.’’

व्हेस्नानं टॉवेलनं तोंड पुसलं. म्हातारा उत्तरासाठी थांबला होता. घाबरला होता. दाताखाली ओठ धरून, त्या पोरीसाठी, जिचे पाय खाटेखालून बाहेर दिसत होते.

‘‘नाही बोलणार,’’ ती म्हणाली.

‘‘शपथ?’’

‘‘शपथ. तिला कधीच कळणार नाही.’’

त्यांनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं, माणूस भरवशाचं आहे की नाही ते बघावं तसं, आणि मान डोलावली. मग भिंतीकडे तोंड करून ते खाटेवर आडवे झाले. तिनं त्यांचे बूट काढले आणि ते झोपेपर्यंत तिथंच बसून राहिली.